दोन कुलपांमागचे तेल

ज्या एका वर्षी या घरात दोघा भावांचे भांडण झाले नाही, त्याच वर्षीच्या जिरॅनियमच्या तेलाला शिजलेल्या कोबीचा वास आला.

साबणाच्या कारखानदाराने सगळे डबे परत पाठवले. सोबतचा निरोप तोंडी होता आणि टेम्पोवाल्याने तो चेहऱ्यावरची रेषही न हलवता पोचवला: आम्हाला गुलाबाच्या जवळपास जाणारा वास हवा असतो, भाजी आमच्या घरी होते. मग त्याने ॲल्युमिनियमचे डबे एकेक करून कोठीच्या दारात उतरवले, पावतीवर सही घेतली आणि पाणीही न पिता तो निघून गेला.

रविवारी सकाळी घरातली थोरली मुलगी येऊन पोचली, तेव्हा डब्यांच्या एका बाजूला तिचे वडील, अप्पा, उभे होते आणि दुसऱ्या बाजूला काका. मध्ये, वजनकाट्याशेजारच्या एकुलत्या एका खुर्चीवर, आत्या बसली होती. आत्या दोघा भावांहून मोठी, धंद्यातल्या तिसऱ्या हिश्श्याची मालकीण, आणि घरात काही बिनसले की बोलावण्याची वाट न पाहता येणारी. खुर्चीचे तोंड तिने काकांकडे वळवलेले होते. या घरात कोण कोणाच्या बाजूने आहे हे विचारावे लागत नसे. आत्याची खुर्ची कुठे वळली आहे ते पाहिले की पुरे.

"आली आमची प्रयोगशाळा," काका म्हणाले. "आता नाकांना सुट्टी."

थोरली रसायनशास्त्राची डॉक्टर होती. तिचा प्रबंध सुगंधी तेलांतील भेसळ ओळखण्यावर होता. तो आजवर दोघांनीच अथपासून इतिपर्यंत वाचला होता, मार्गदर्शकांनी आणि टंकलेखकाने. पैकी टंकलेखकाला अधिक चुका सापडल्या होत्या. ज्या घराने तिला तेलाच्या पैशावर शिकवले, त्या घरी ती दर भेटीत सांगे, की तेलाच्या गुणांविषयी तुम्ही जे मानता त्यातले बरेचसे सिद्ध झालेले नाही. घरचे ते मुलीचे कौतुक म्हणून ऐकून घेत आणि चहा पुढे करत.

कोठीच्या दाराला दोन कुलपे होती, आणि ती तिचीच कल्पना होती. मागच्या हंगामात अप्पा आणि काका यांच्यातला विश्वास इतका आटला होता, की तेल मोजताना अप्पा काकांच्या हातची मोजपट्टी पुसून घेत आणि काका अप्पांनी पुसलेली पट्टी पुन्हा पुसत. अप्पा भट्टी चालवत, काका विक्री पाहत, आणि दोघांनाही खात्री होती की दुसरा डब्यातून तेल काढतो. तेव्हा थोरलीने तोडगा काढला. एक किल्ली अप्पांकडे, एक काकांकडे. दोघे हजर असल्याशिवाय दार उघडायचे नाही. प्रत्येक डबा काठोकाठ भरायचा, झाकण आवळायचे, वर तारेचे सील मारायचे. डब्यात हवा राहिली तर गुलाबाचा वास देणाऱ्या जिरॅनिऑलचे ऑक्सिडीकरण होते, वास उतरतो, आणि असे तेल अंगाला लावले तर कित्येकांना पुरळ उठते, हे तिने फळ्यावर काढून समजावले होते. फळा तिने सोबत आणला होता.

वर्ष खरोखरच शांततेत गेले. दोघे भाऊ एका टेबलाशी जेवू लागले. एका परिसंवादाच्या मध्यंतरात, हातात बिस्किट धरून, तिने सहकाऱ्यांना सांगितले होते की विश्वास ही मुळात मांडणीची समस्या आहे. ते वाक्य हल्ली तिला अधूनमधून आठवे, बहुधा दात घासताना.

"काय निघालं तपासणीत?" अप्पांनी विचारले. साबणवाल्याने उघडलेल्या डब्यातला नमुना त्यांनी तिला आधीच पाठवला होता.

"तेल शुद्ध आहे."

"मग वास?"

"वास अहवालात नाही."

"नाही म्हणजे?" आत्या म्हणाली.

"सिट्रोनेलॉल, जिरॅनिऑल, लिनालूल, आयसोमेंथोन, सगळं दरवर्षीच्या प्रमाणात आहे. परका पदार्थ एकही नाही. यंत्र म्हणतं, उत्तम तेल."

आत्याने त्याच उघडलेल्या डब्याचे झाकण काढले, ती वाकली आणि सावकाश मागे सरली. "तुझ्या यंत्राला सर्दी झालीय, पोरी."

थोरलीनेही वाकून पाहिले. कोबीच होता. गुलाब आणि पुदिना यांच्या मधला तो ओळखीचा हिरवा वासही होता, पण कोबीच्या मागे, पाहुण्यांच्या गर्दीत यजमान मागे पडावा तसा.

"पानं माझ्या डोळ्यांदेखत भट्टीत गेली," अप्पा डब्यांकडे बघत म्हणाले. ते भावाशी बोलत होते. "पानाचा लिंबाचा वास जाऊन गुलाबाचा लागेपर्यंत मी विळा लावू दिला नाही. भट्टीपाशी असा उग्र दर्प असतोच, तो मला लहानपणापासून ठाऊक आहे. पण तो भट्टीचा. डब्यात कधी नव्हता. भट्टीपासून डब्यापर्यंत माझं काम. डब्यापासून पुढे कोणाचं, ते ज्याचं त्याने बोलावं."

"डबे दोन कुलपांत होते, दादा. त्यातली एक किल्ली तुझ्या जानव्यासारखी तुझ्या गळ्यात असते."

"पाठवायच्या दिवशी डबे रस्त्यात होते. रस्त्याला कुलूप नसतं."

"मग मी काय, सील तोडून आत कोबी शिजवला?"

"आत काय घातलंस ते मी विचारत नाही. बाहेर काय काढलंस ते विचारतोय."

"तूच तळ करपवला असशील. वय झालंय, डुलकी लागते माणसाला."

"करपलेल्याला करपलेला वास येतो," अप्पा म्हणाले. "कोबीचा नाही." आणि थोरलीला मान्य करावे लागले की इतका वेळ झालेल्या सगळ्या बोलण्यात शास्त्राला धरून असलेले हेच एक वाक्य होते, आणि ते तिने उच्चारलेले नव्हते.

एवढ्यात काकू आत आल्या. त्यांच्या हातात स्वयंपाकघरातला लहान डबा होता. घरगुती गिऱ्हाइकांना त्या त्यातून छोट्या बाटल्या भरून देत. बाटलीवरचे लेबल त्यांनी स्वतः रचले होते: गुडघेदुखी, निद्रानाश, कोरडी त्वचा, डास आणि मनाची अशांती यांवर गुणकारी. थोरलीचे या लेबलाविषयीचे मत घरात सर्वांना पाठ होते. डासांच्या दाव्याला थोडाफार आधार आहे. त्वचेवर काहींना बरे वाटते आणि काहींना खाज सुटते, त्या दुसऱ्यांविषयी लेबल गप्प आहे. गुडघ्याला आराम पडतो तो चोळण्याने. मनाच्या अशांतीबद्दल मात्र तिने स्वतंत्र चाचणीची मागणी कधीच केली नव्हती. हे कुटुंब तीन पिढ्या त्याच वाफेत श्वास घेत आले होते. यापेक्षा मोठा नमुना कुठे मिळणार, आणि याहून स्पष्ट निष्कर्ष तरी कोणता?

"उगाच तंटा नको," काकू म्हणाल्या. "हे बघा, याच हंगामाचं तेल, त्याच भट्टीचं. सील मारायच्या आधी मी माझा डबा भरून घेतला होता. याला कोबीचा वास नाही. वन्सं, तुम्ही घेऊन बघा."

आत्याने घेऊन पाहिला. डब्यातून गुलाब आला, मागून किंचित पुदिना, आणि कोबीचा मागमूस नाही.

काकूंनी तो डबा नवऱ्याला वाचवायला आणला होता. खोलीतल्या शांततेवरून त्यांच्या लक्षात आले असावे की उलटेच झाले आहे.

"म्हणजे चांगलं तेल घरात," अप्पा म्हणाले, "आणि कोबी साबणवाल्याला. विचार तुझ्या बायकोला, तिच्या डब्यात मूळचं आणखी किती आहे." काकू दोन हातांवर उभ्या होत्या, पण अप्पा धाकट्या भावाच्या बायकोशी रागात कधीच थेट बोलत नसत, हा त्यांच्या सभ्यतेचा भाग होता.

आत्याची खुर्ची करकरली. ती उठली, खुर्चीचे तोंड अप्पांकडे वळवले आणि पुन्हा बसली.

"अक्का, तूसुद्धा?" काका म्हणाले.

"मी कुठे काय म्हटलं? उजेड डोळ्यांवर येत होता."

 काका म्हणाले, "ठीक आहे. उद्या मिस्त्री बोलावतो. लहान भट्टी माझ्या हिश्श्याची आहे, ती उतरवून नेतो. राहायलाही दुसरीकडे बघतो."

त्यांनी आवाज चढवला नव्हता, आणि म्हणून थोरलीला ते खरे वाटले. या घरात ओरडून बोललेले संध्याकाळपर्यंत विरून जाई. हळू बोललेले टिके. आजोबांनी ज्या हळू आवाजात स्वतःच्या धाकट्या भावाला घर सोडायला सांगितले होते, त्याची आठवण अजून घरात कोणी मोठ्याने काढत नसे. आई गेल्यावर थोरलीची वेणी काकूंनी घातली होती. डोळे मिटून वासावरून चार पाने ओळखायची, हे तिला काकांनी शिकवले होते; तिच्या प्रबंधाच्या ऋणनिर्देशात मात्र त्यांच्या आधी एका यंत्रनिर्मात्या कंपनीचे आभार होते.

"तू सांग," अप्पा तिला म्हणाले. "तुझा विषय आहे. तेल बदललंय की नाही?"

एकाच भट्टीचे दोन नमुने, एक खराब आणि एक चांगला, मध्ये एकाच माणसाचा हात. तिच्यासमोर दुसऱ्या कोणाचे कुटुंब असते तर तिने 'अदलाबदल संभवते' असे लिहून खाली सही केली असती. सहीसाठी तिच्याकडे खास पेन होते.

"दोन्ही डबे तपासल्याशिवाय सांगता येणार नाही," ती म्हणाली.

"म्हणजे तूही," काका म्हणाले, आणि त्यांनी खिडकीकडे तोंड केले.

काहीतरी करत असल्याचे दिसावे एवढ्याचसाठी तिने काकूंकडून पांढऱ्या बश्या मागवल्या. प्रत्येक डब्यातून थोडे तेल बशीत ओतायचे आणि बश्या ओळीने मांडायच्या, असे तिने जाहीर केले. यातून काय सिद्ध होणार हे कोणी विचारले असते तर तिला उत्तर देता आले नसते. पण पांढऱ्या बश्या ओळीने मांडल्या की लोक विचारत नाहीत. तिच्या व्यवसायाचा बराचसा दरारा या तत्त्वावर उभा आहे. सील तोडण्यावरून दोघा भावांत पुन्हा जुंपली. अप्पांनी उघडलेला प्रत्येक डबा काकांनी वाकून हुंगला, काकांनी उघडलेला अप्पांनी मोजपट्टी घालून ढवळला. एकच डबा न उघडता बाजूला ठेवायचे ठरले, कारण उरलेला पुरावा म्हणून तो दोघांनाही हवा होता.

बश्या भरल्या. सगळ्यांतून कोबी आला.

"उपाशीपोटी मी चोरीचे आळ ऐकणार नाही," काकू म्हणाल्या. "आधी जेवून घ्या. मग ऐकते."

जेवण लांबले. टेबलावर तेलाचा विषय वरणाइतकाच टिकला. मग कोणी कोणाची शिडी परत केली नाही, भट्टीचा तापमापक कोणाच्या हातून फुटला आणि अक्काच्या लग्नात फोटो काढताना कोणाला कडेला उभे केले होते, असे क्रमाने सगळे निघाले. आत्याला खुर्ची वळवायला जागा नव्हती, म्हणून ती नुसती मान वळवत होती. थोरलीने कोणाची बाजू घेतली नाही. तटस्थ राहणे ही वैज्ञानिक वृत्ती आहे असे तिने स्वतःला सांगितले. घाबरणे हा शब्द तिला टेबलावरून उठेपर्यंत सुचला नाही.

कोठीत परतल्यावर आत्याने पहिल्या बशीवर नाक नेले. मग दुसऱ्या. मग तिने चष्मा काढून पुसला, जणू त्याचा काही उपयोग होता.

"गेला," ती म्हणाली.

"काय गेला?"

"कोबी."

अप्पांनी सगळ्या बश्या हुंगल्या. "कोणीतरी बदलल्या," ते म्हणाले.

"कोणी, दादा? सगळे टेबलाशी होतो."

"मध्ये उठलं असेल कोणी."

"कोणी उठलं नाही, अप्पा," काकू पहिल्यांदाच त्यांच्याकडे बघून म्हणाल्या. "जो उठला असता त्याच्याबद्दल बाकीचे बोलले असते. ते माहीत होतं, म्हणून मी पाणीसुद्धा आणायला गेले नाही."

हा युक्तिवाद इतका बिनतोड होता की अप्पांनीही मान डोलावली.

थोरली बश्यांकडे बघत राहिली. मग तिने बाजूला ठेवलेल्या डब्याचे सील तोडले. झाकण निघताच कोबीचा भपकारा आला. तिने त्यातले चमचाभर तेल नव्या बशीत ओतले, बशी गोल गोल फिरवत खिडकीशी नेली आणि थांबली.  पुन्हा हुंगले, तेव्हा वास अर्ध्यावर आला होता. आणखी थोड्या वेळाने त्याचा पत्ता नव्हता.

उडून जातो. इतक्या लवकर उडून जाणारा पदार्थ तिच्या यंत्रात सर्वांत आधी बाहेर पडायला हवा होता. आणि मग तिला आठवले. नमुना ज्या द्रावकात पातळ करतात, त्याचा लोंढा यंत्रात सुरुवातीला येतो. त्याने संवेदक खराब होऊ नये म्हणून पहिली काही मिनिटे यंत्राने काहीच नोंदवू नये, अशी आज्ञा दिलेली असते. ती आज्ञा तिनेच दिली होती. साक्षीदार कोर्टात सर्वांत आधी येऊन उभा राहिला होता आणि न्यायाधीशबाईंनी कोर्ट तो निघून गेल्यावर उघडले होते.

"काकू," ती म्हणाली, "तुमचा डबा दिवसातून किती वेळा उघडता?"

"गिऱ्हाईक आलं की. शेजारीण आली की. कधी नुसताच, बरं वाटतं म्हणून."

"आणि कोठीतले डबे? दोन कुलपांच्या आधी, मागच्या सगळ्या वर्षांत, ते कोण उघडायचं?"

दोघा भावांनी एकाच वेळी जमिनीकडे पाहिले.

"मला खरं हवंय. भांडणासाठी नाही."

"मी," अप्पा अखेर म्हणाले. "संध्याकाळी. हा गेला की. पट्टी घालून बघायचो, पातळी उतरलीय का."

"रोज?"

"रोजच. आणि लबाडीने पाणी घातलंय का तेही. ढवळून बघायचो."

काका भावाकडे बघू लागले. "मी सकाळी," ते म्हणाले. "तू भट्टीवर असायचास तेव्हा. मीपण ढवळायचो. तू पट्टी घातलेली कळायची मला, ओली असायची. मला वाटायचं, काढलंस."

"आणि तू घातलेली मला कळायची. मला तेच वाटायचं."

"झाकणं?" थोरलीने विचारले.

"झाकणं कोण घट्ट लावतंय," अप्पा म्हणाले. "पुन्हा उघडायची असायची ना."

आत्या खाकरली. "मी आले की दुपारी बघायचे," ती म्हणाली. "तुम्ही दोघं झोपलात की. माझाही हिस्सा आहे."

थोरली पालथ्या खोक्यावर बसली. तिला हसू येत होते आणि ते नेमके कोणाचे हे तिला चांगले कळत होते. संशयाने हैराण झालेल्या माणसांना तिने संशयाची गरजच उरू नये अशी व्यवस्था करून दिली होती. व्यवस्था चोख चालली होती. हवेने तेल बिघडते, हे तिने फळ्यावर लिहिलेले वाक्य खरे होते. ते तयार तेलाबद्दल होते. तेल तयार कधी होते, ते फळ्यावर लिहिलेले नव्हते, कारण भट्टीखाली आग विझली की ते तयार झाले, असे तिने गृहीत धरले होते. दहावीच्या मुलाने असे काही विचार न करता गृहीत धरले असते तर तिने गुण कापले असते.

"मग मी चोर नाही?" काका म्हणाले.

"नाही, काका."

"आणि दादा?"

"तेही नाहीत."

"मग राहिलं कोण?"

"मी."

 अप्पांनी गळ्यातली किल्ली डोक्यावरून काढली आणि वजनकाट्यावर ठेवली. काट्याने तिची दखल घेतली नाही. "मिस्त्री बोलावू नकोस," ते भावाला म्हणाले. मग काकूंकडे वळून, थेट, "तुम्ही त्या डब्याबद्दल जे ऐकलंत ते विसरा."

"विसरेन," काकू म्हणाल्या. "लगेच नाही."

"म्हणजे पुढच्या वर्षीपासून पुन्हा संशय घ्यायचा का?" काकांनी विचारले.

"गरज नाही," थोरली म्हणाली. "महिनाभर झाकणं सैल ठेवायची आणि रोज ढवळायचं. विश्वास ठेवून ढवळलं तरी चालतं."

"बघतो," काका म्हणाले. "सवय नाही, पण बघतो."

"हे जे काय झालं," आत्या म्हणाली, "ते मला सरळ सांग. उद्या साबणवाल्याकडे मी जाणार आहे, तुमच्यापैकी कोणी नाही. आणि त्यात तुझ्या यंत्राच्या सर्दीचंही सांग, वगळू नकोस."

थोरलीने वगळले नाही. जिरॅनियमची पाने वाफेवर शिजताना त्यांच्यातील गंधकयुक्त द्रव्यापासून डायमिथाइल सल्फाइड तयार होते. शिजलेल्या कोबीला जो वास येतो तो याच पदार्थाचा. तो थोडासा तेलात उतरतो आणि दरवर्षी उतरत आला आहे. तेल उघडे राहिले, हलवले गेले, की तो आपोआप उडून जातो आणि मागे गुलाबाचा वास उरतो. तिच्या यंत्राला तो दिसला नाही, कारण तो येण्याच्या वेळी यंत्राने पाहू नये असे तिनेच ठरवून दिले होते. आधीच्या सर्व वर्षी हे डबे दिवसातून निदान दोनदा उघडून ढवळले जात होते, कारण दोघा भावांचा एकमेकांवर विश्वास नव्हता. या वर्षी ते एकदाही उघडले गेले नाहीत, कारण थोरलीने त्यांच्यावर सील मारून कोठीला दोन कुलपे लावली होती.